मागावर चढवलेला ताणा

डोळ्याच्या ऑपरेशनआधी वडिलांनी मागावर नव्या लुगड्याच्या उभ्या धाग्यांचा ताणा चढवला. आम्ही उमरेडहून नागपुरात आलेले विणकर. वडिलांचा एक डोळा आधीच गेला होता, आता दुसऱ्याची पाळी होती. काका रोज येऊन म्हणत, "काई होत नाई गा, सगळं बेस होते." बोलून ते घरी जात. वडील तसं कधी बोलले नाहीत. परत येऊन विणायचं, म्हणून ताणा तयार ठेवला, एवढंच.

पट्टी सुटली तेव्हा आईनं विचारलं, "दिसते का काई?"

"उजेड दिसते वं. तू नाई दिसत."

"मंग आता जन्मभर मले जवानच समजा."

कोणी हसलं नाही.

ताणा चार महिने तसाच होता. वडील रोज चाचपडत त्यावरची धूळ झटकायचे. काका अजून "दिसन हळूहळू" म्हणतच होते. एका दुपारी वडील आईला म्हणाले, "तूच बस मागावर." आमच्यात बाया चरख्यावर आडव्या धाग्याच्या कांड्या भरत आणि माणसं विणत. आई बसली. वडिलांनी चरखा ओढला आणि कांड्या भरू लागले.

थोड्या वेळानं ते म्हणाले, "धागा तुटला वं. आवाजावरून समजते."

"तुमी गुमान कांड्या भरा."

वडील मोठ्यानं हसले. डोळा बरा होईल असं आता त्यांना वाटत नव्हतं, तरी ते हसले. त्या लुगड्याचा काठ वाकडा निघाला. आईनं ते फाटेपर्यंत नेसलं.