चढासाठी कापलेली वायर

वाडीवरच्या त्या माणसाची बॅटरीची गाडी चोरीची होती, म्हणून तिला नंबर नव्हता, असं चौकात अजून बोललं जातं. ते खोटं आहे. गाडी त्यानं दुकानातून घेतली होती, तीही माझ्या सांगण्यावरून. कमी ताकदीच्या, पंचवीसच्या वर न पळणाऱ्या गाडीला नंबर लागत नाही, चालवणाऱ्याला लायसन लागत नाही, हे मीच त्याला समजावलं होतं.

जुन्या हायवेला माझं गॅरेज. थोड्याच दिवसांत तो गाडी ढकलत आला, मागे करवंदांची पाटी. वाडीच्या चढाला गाडी दम धरत नाही म्हणाला. अशा गाड्यांवर आम्हा गॅरेजवाल्यांचं एकच औषध: वेग अडवणारी वायर कापायची. मी कापली. ती कापण्याचा चढाला काडीचा उपयोग नसतो, हे मला नंतर कळलं. सपाटीला मात्र गाडी सुसाट सुटली. आता तिला नंबर हवा, विमा हवा, त्याला लायसन हवं, हे मला तेव्हाही माहीत होतं. मी बोललो नाही.

पुढच्या बाजाराला त्यानं माझ्या गॅरेजशेजारच्या ढाब्यासमोर एका बाईला उडवलं. तिचं डोकं फुटलं. तो पळाला नाही. टॉवेलानं तिचं रक्त दाबत बसला. लोकांनी त्याला केसांना धरून ओढलं. लाथा बसल्या, दात पडले. नंबर नाही म्हणजे चोरच, असं ठरलं. माझ्याच गॅरेजातली चाकं खोलायची लोखंडी टॉमी कुणीतरी उचलून आणली.

त्यानं मला पाहिलं. "शेठ, तुमी सांगा ना यांना. नंबर लागत नाय."

"शेठचा पावणा काय रं हा?" मागून कुणीतरी म्हणालं. लोक हसले.

मी टॉमी घेतली आणि त्याच्या उजव्या कोपरावर घातली. बेअरिंग फुटल्यासारखा आवाज झाला. शेठनं मारलं म्हटल्यावर बाकीच्यांना मोकळं रान मिळालं. तो हलेनासा झाला, तेव्हाच थांबले. पोलिसांना मी सांगितलं, याला मी ओळखत नाही.

बाई वाचली. तोही वाचला, पण कोपर सरळ होत नाही. करवंदं आता डोक्यावरून आणतो, डाव्या हातानं पाटी सावरत. परवा तो गॅरेजसमोर सावलीला टेकला. मी जवळ जाऊन म्हटलं, वायर मी कापली होती.

"मला काय सांगता, शेठ," तो म्हणाला. "आमच्या वाडीत समद्यांना ठावं हाय. चौकात सांगा."