पंधरा ठोके

"मी मामांना बघायला आलोय ताई, घड्याळाला नाही."

"मग आल्या आल्या तोंडाकडे बघायचं सोडून मनगटाकडे कशाला बघितलंस?"

"हळू बोल. आत ऐकू जातंय."

"जाऊ दे की. बाबांना काय ठाऊक नाही?"

मामेबहिणीपुढे त्याचं कधीच चालायचं नाही. स्वयंपाकघराच्या दारात एक पाय आत, एक बाहेर ठेवून तो उभा. तसा तो धड कुठेच उभा राहत नाही. त्याच्या सलूनमध्ये एखादं वयस्क गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, की अंगावर कापड टाकण्याआधी तो हमखास म्हणणार, घड्याळ काढून द्या काका, आत केस जातील. साधं घड्याळ असलं तर मुकाट्याने आरशापुढे ठेवणार. पण सोन्याचं असलं आणि चावीच्या वर-खाली दोन बटणं असली, की त्या काकांचा एक कल्ला वर, एक खाली होणार हे ठरलेलं. धावता काटा हवा तेव्हा थांबवता येणारी अशी जुनी घड्याळं तो जमवतो. वापरत एकही नाही. मऊ फ्लॅनेलच्या फडक्यात गुंडाळून ठेवतो. बायको म्हणते, मला कधी इतकं जपलं नाहीत. नवं घड्याळ हाती लागलं की चार दिवस बरे जातात, मग जेवताना पुन्हा त्याचा पाय हलायला लागतो. कारण जे हवं ते मामांच्या मनगटावर असतं.

मामा डॉक्टर होते. त्यांच्या घड्याळाच्या तबकडीवर कडेने नाडीचे आकडे आहेत. ठोका लागला की बटण दाबायचं, पंधरा ठोके मोजायचे, पुन्हा दाबायचं. काटा थांबेल तो आकडा नाडीचा. लहानपणी तापात मामांनी त्याची नाडी अशीच पाहिली होती. ताप उतरला, तो काटा काही डोक्यातून गेला नाही.

आज मामांना सकाळपासून गरगरत होतं. हल्ली त्यांना बघणाऱ्या डॉक्टरांनी फोनवर नाडी विचारली, तर बोटाला लावायचं यंत्र बंद पडलेलं. ताईला चष्म्याशिवाय दिसेना आणि चष्मा सापडेना.

"जा, तूच मोज," ती म्हणाली. "एवढं घड्याळातलं कळतं तर."

मामांनी घड्याळ सोडून त्याच्या हातात दिलं. अजून कोमट होतं. कडा कशा धारदार, कुठल्याच सोनाराने चकाकीसाठी घासून बोथट केलेल्या नव्हत्या. त्याने मामांच्या मनगटावर बोटं ठेवली, बटण दाबलं. लोणी कापावं तसं ते आत गेलं. काटा निघाला. बारीक, निळसर, जराही न अडखळता. त्याचा पाय हलायचा थांबला.

फोन कानाला लावून ताई दारात येऊन उभी राहिली. "किती?"

मामांचे डोळे मिटलेलेच होते. "दुसरी फेरी चालू आहे ना रे काट्याची? मग एक तर मी गेलोय, नाहीतर तू मोजत नाहीयेस."

त्याने बोटं काढून घेतली.

"सांग त्यांना, अठ्ठावन्न," मामा मुलीला म्हणाले. "भिंतीवरच्या घड्याळाच्या टिकटिकीवर मीच मोजली." मग डोळे उघडून त्याच्याकडे बघितलं. रागाने नाही. "ते ठेव तुझ्याकडे. मला माझी बोटं पुरतात. एवढंच सांग, आता इथे काय बघायला येशील?"

त्याने घड्याळ मामांच्या पांघरुणावर ठेवलं. काटा थांबवायचं राहिलं, तो फिरतच होता. दाराशी त्याने चपला पायात सरकवल्या आणि एक पट्टा तसाच सुटा ठेवून जिना उतरून गेला.