सुतकातला दिवा

देवाचे अनुभव लिहिणाऱ्या बायका फार गोड लिहितात. मला ते जमणार नाही. मी चौथी शिकले आहे आणि जीभ तिखट आहे. शिवाय ही गोष्ट घडली तेव्हा माझं आणि देवीचं बोलणं बंद होतं. साथीच्या वर्षात माझा धाकटा भाऊ साताऱ्याला वारला. विमानं बंद होती. मी इथे अमेरिकेत, पार्सिपनीला मुलीच्या घरी, आणि त्याला अग्नी दिला तो मी फोनवर पाहिला. तो व्हिडिओही मध्येच थांबला. त्याच्यासाठी मी शुक्रवार धरले होते, ओटी बोलले होते. त्या दिवशी मी देवीला सांगितलं, तू तुझ्या घरी, मी माझ्या घरी.

मी बसून खाणारी बाई नाही. इथे चार घरी जाऊन पोळ्या करून देते. त्यातलं एक घर डॉक्टर काकांचं. काकांनी पन्नास वर्षं या देशात माणसं बरी केली आणि आता त्यांना स्वतःचं नाव आठवत नाही. काकूंचे गुडघे गेलेले. मुलगा केदार लांब अल्फारेटाला. उठवून उभं केलं की काका भिंत धरून घरभर फिरायचे, पण त्यांना उठवणं, न्हाऊ घालणं, भरवणं, सगळं लिझा करायची. ती फिलिपिन्सची. सहा वर्षं त्याच घरात राहत होती. मला नानय म्हणायची, म्हणजे आई.

लिझासारख्या पुष्कळ जणी या भागात आहेत. कोणी म्हाताऱ्यांना सांभाळते, कोणी मुलांना. रविवारी चर्चच्या हॉलमध्ये जमतात. त्यांच्यातली एखादी परक्या मुलखात अडकली, आजारी पडली, की बाकीच्या तिला घरी पोचवतात. एक तिकिटाचं बघते, एक कागदांचं, आणि एक तिचं काम हातात घेते, म्हणजे मालकाला "माझी अडचण होईल" म्हणायला जागा राहत नाही. हे सगळं नेना चालवते. तिला सगळ्या आते नेना म्हणतात, त्यांच्यात मोठ्या बहिणीला आते म्हणतात. बुटकी, जाड, आणि कोणाच्या बापाला न भिणारी. माझं तिच्याशी पहिल्या दिवसापासून जमलं.

सोमवारी लिझाची आई गेली. त्यांच्यात मयत लगेच नेत नाहीत. परदेशातलं लेकरू येईपर्यंत घरात ठेवतात, आणि रोज शेजारपाजार जपमाळ घेऊन सोबत बसतो. पण त्यालाही हद्द असते. रविवारी दुपारी पुरायचं ठरलं होतं. नेनाने गुरुवारचं तिकीट काढलं, काकांसाठी टेस नावाची बाई ठरवली. मग लिझाने काकूंकडे आपला पासपोर्ट मागितला, आणि तो सापडेना.

पासपोर्ट काकूंच्या कपाटात असायचा. फाइल होती, आत पासपोर्ट नव्हता. दोन दिवस घर उलटंपालटं केलं. गाद्या, औषधांचे डबे, गॅरेजमधली खोकी, अगदी फ्रीजरसुद्धा. केदार फोनवरून म्हणाला, "मावशी, तिला जरा समजवा ना. कॉन्सुलेटमध्ये अप्लाय करू, दोन आठवड्यांत होऊन जाईल. इट्स नॉट द एंड ऑफ द वर्ल्ड." मी म्हटलं, "तिची आई दोन आठवडे थांबेल का, ते विचारून सांग."

बुधवारी दुपारी मी पोळ्या लाटत होते आणि काकू समोर बसल्या होत्या. मला राहवलं नाही.

"काकू, तिचा पासपोर्ट तुमच्याकडे का होता?"

"सांभाळायला हो, मावशी."

"सांभाळायला नाही. जाऊ नये म्हणून."

काकू रडायला लागल्या. "ती गेली तर ह्यांना कोण उचलेल, सांगा ना. आणि डांबली का मी तिला? मुलीसारखी ठेवली."

"मुलीचा पासपोर्ट कपाटात कुलपात ठेवता तुम्ही?"

मला त्यांची कीव आली, तरी मी शब्द मागे घेतला नाही. तेवढ्यात नेना आली. सगळं ऐकून घेतलं आणि मला म्हणाली, "नानय, उद्या सकाळपर्यंत. नाही मिळाला तर मी पोलीस आणते." लिझा जिन्याच्या पायरीवर बसून होती. रडतही नव्हती. तिला तसं बघून मला माझा फोनवरचा अग्नी आठवला, आणि देवीचा असा राग आला की लाटणं हातात घट्ट धरावं लागलं. मनात म्हटलं, माझ्या वेळी वाट बंद केलीस. हिच्या वेळी वाट उघडी आहे, तरी अडवतेस?

त्या घरात तेव्हा सुतक चालू होतं. काकांचा भाऊ नाशिकला वारला होता, त्याचा सहावा दिवस. काकू फार कडक. देव्हाऱ्यावर पडदा ओढलेला, दहा दिवस देवाला हात नाही. पण काकांना सुतक कुठलं कळायला? सहा वाजले की ते रोजच्यासारखे खुर्चीत चुळबुळ करायचे आणि विचारायचे, "दिवा?" काकू सांगायच्या, "सुतक आहे हो." पाच मिनिटांनी पुन्हा, "दिवा का नाही लावला?" त्या संध्याकाळी त्यांनी किती वेळा विचारलं, मी मोजलं नाही. शेवटी घास घेईनात. मी हात धुतले आणि उठले.

"तुमचं सुतक आहे, माझं नाही. मी लावते."

"मावशी, पडदा काढू नका. देवीला हात लावायचा नाही."

"काकू, देवी काही बाटत नाही. म्हाताऱ्याला जेवू द्या."

मी शोधायला गेले नव्हते, हे मी शपथेवर सांगते. भक्तीनेही गेले नव्हते. रागाने गेले होते. पडदा सरकवला, दिवा लावला आणि पाहिलं तर देवी एका बाजूला कलली होती. तिच्याशी बोलत नसले तरी वाकडी मूर्ती मला बघवत नाही. सरळ करायला उचलली तर खालचं मखमली आसन फुगलेलं. आसन वर केलं. टीव्हीचा रिमोट, काकांचं कानातलं यंत्र, गाडीच्या दोन किल्ल्या आणि एक तांबडा पासपोर्ट.

काकू मागून म्हणाल्या, "अगं बाई." मग हळूच, "ह्यांची जुनी सवय. महत्त्वाचं काही आलं की आधी देवीपुढे ठेवायचे. नोकरीचं पत्र, घराचे कागद." सुतक लागण्याआधी कधीतरी कपाट उघडं राहिलं तेव्हा काकांनी त्यातून काढून तो तिथे ठेवला होता, आणि आम्ही सगळं घर धुंडाळून तेवढी एक जागा सोडली होती, कारण तिला हात लावायचा नव्हता.

लिझा देवघराच्या दाराशी उभी होती. सहा वर्षांत तिने तो उंबरठा ओलांडला नव्हता. तिला तसं सांगितलेलंच होतं. मी पासपोर्ट उचलला नाही. म्हटलं, "आत ये. तुझा तू घे." ती काकूंकडे बघायला लागली. मी म्हटलं, "त्यांच्याकडे नको बघूस." ती आत आली, देवीसमोर छातीवर क्रूस केला आणि पासपोर्ट घेतला. काकूंनी अडवलं नाही. काकांनी दिव्याला हात जोडले आणि गुपचूप जेवले.

गुरुवारी सकाळी टेस आली. पहिलंच काम म्हणून काकूंनी तिला सांगितलं, "तुझा पासपोर्ट तुझ्याकडेच ठेव." नेनाने लिझाला नेवार्कच्या विमानतळावर सोडलं. रविवारी मी त्यांच्या हॉलमध्ये गेले. पुरण्याचे फोटो तोवर आले होते. लिझा शवपेटीवर हात ठेवून उभी होती. मी तो फोटो पुष्कळ वेळ पाहिला. मग सगळ्यांनी मला शेवया वाढल्या, त्या मी खाल्ल्या.

मुलगी म्हणते, आई, हा चमत्कार आहे. असेल. मी त्यावर वाद घालत नाही. विसरभोळ्या म्हाताऱ्याने ठेवलं आणि माझ्यासारख्या हट्टी म्हातारीने पडदा सरकवला, एवढं मला दिसतं. त्या हट्टात माझं किती आणि देवीचं किती, ते मला वेगळं काढता येत नाही. शरण जायचं म्हणजे मान खाली घालायची, असं मला लहानपणी शिकवलं. माझी मान खाली जात नाही, या वयात ती जाणारही नाही. पण हे हात तिने वापरले, ते बरं केलं. त्याबद्दल मी तिची ऋणी आहे, आणि हे तिला तोंडावर सांगितलं आहे.

काल नेनाचा फोन आला. त्यांची आणखी एक जण अडकली आहे, तिची पेशंट आजी दोन दिवस सांभाळायला कोणीतरी हवं. मी म्हटलं, गाडी पाठव. कुठे जायचं ते मी विचारलं नाही.