पेटीपुढे हळू बोलायचं

नाकावरच्या रागाला औषध काय, असं माझी आई म्हणायची. माझा राग होता आवाजावर. आर्वीच्या वाचनालयात मी बालविभाग सांभाळायला लागले तेव्हा बावीस वर्षांची होते. कुणाची खुर्ची जरा सरकली तरी मी मान वर करून बघायचे. मुलं मला घाबरत, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं.

सत्तावन-अठ्ठावन सालची गोष्ट असेल. जिल्ह्यातल्या मुलामुलींसाठी स्वतः केलेल्या कवितांची स्पर्धा निघाली. परीक्षक दोघंही वर्ध्याचे, गावोगाव फिरायला त्यांना सवड नव्हती. म्हणून पुलगावहून छोट्या गाडीनं एक टेपरेकॉर्डर आमच्याकडे आला. आमच्या शिपायानं तो स्टेशनावरून बैलगाडीत गादी घालून आणला, बाळंतिणीला आणावं तसा. मुलांनी आपली कविता त्यात म्हणायची आणि रीळ वर्ध्याला जायचं. नाव सांगायचं नाही, फक्त नंबर. कोण कुणाचं, कुठल्या वस्तीतलं, हे परीक्षकांना कळू नये म्हणून. यंत्राला सगळे पेटीच म्हणत.

अकरा नंबरची मुलगी जिनाच्या, कापसाच्या कारखान्याच्या, वस्तीतली होती, तेरा वर्षांची. तिची आई जिनात रेच्यावर होती, म्हणजे सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रात दिवसभर कापूस घालत उभी. मुलीनं पहिल्यांदा पेटीपुढे तोंड उघडलं तेव्हा आवाज दाखवणारी सुई थेट टोकाला जाऊन आपटली, आणि परत ऐकताना नुसती खरखर आली.

"अगं, ओरडतेस का? मी काय नदीपलीकडे उभी आहे?"

"ओरडून नाई राह्यली, बाई. आमी असंच बोलतो."

ते मात्र खरं होतं. त्या वस्तीतली माणसं शेजारी बसूनही हाका मारल्यासारखी बोलत. मला तो अडाणीपणा वाटायचा.

मुलगी हिरमुसली नाही. तिला दुसरीच चिंता होती. "बाई, बक्षिसाच्या दिवशी पेटी वाजवसान नं? माह्या मायले आयकू येईन?" कविता आईवरच होती. शाळेतला तिचा एकही कार्यक्रम आईनं पाहिला नव्हता, कारण तेव्हा जीन चालू असायचा. बक्षिसाचा दिवस जिनाच्या सुट्टीचा होता, म्हणून तिनं आईकडून येण्याचं कबूल करून घेतलं होतं.

"तुझ्या आईलाच काय, साऱ्या गावाला ऐकू येईल," मी म्हटलं, "पण आधी हळू बोलायला शीक."

आणि मी तिच्या मागेच लागले. तोंडापुढे पेटती पणती धरायची आणि कविता म्हणायची. ज्योत हलली की पुन्हा पहिल्यापासून. पोर चिवट होती. दोनदा तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण पणती तिनं खाली ठेवली नाही. "घरीसुद्धा असंच बोलत जा," मी बजावलं. "सवय काही वाचनालयापुरती लागत नसते." तिनं मान हलवली.

रेकॉर्डिंग दुपारीच करावं लागे. जिनाचा भोंगा झाला, रेचे थांबले, की गावाला अर्धा तास शांतता मिळायची. त्या अर्ध्या तासात अकरा नंबरनं कविता इतकी हळू, इतकी गोड म्हटली की मी श्वास रोखून बसले. श्रेय मी मनातल्या मनात स्वतःलाच दिलं. वर्ध्याहून रीळ परत आलं, सोबत निकालही. तिचा दुसरा नंबर.

बक्षिसाच्या दिवशी तिची आई आली. नागपूरला दीक्षा घेताना नेसलेलं पांढरं लुगडं तिनं आज बाहेर काढलं होतं. "जयभीम, बाई!" ती दारातूनच एवढ्या मोठ्यानं म्हणाली की सगळ्या माना वळल्या. माझ्या कपाळावर सवयीनं आठी आली. ती पुढच्या सतरंजीवर, पेटीच्या अगदी जवळ बसली.

रीळ फिरलं. अकरा नंबरचा आवाज आला तशी सभा चिडीचूप झाली. मागे कुणीतरी डोळे पुसले. मग टाळ्या. आईनं इकडेतिकडे पाहिलं, लोक वाजवतायत असं पाहून तिनंही उशिरा टाळ्या वाजवल्या, आणि मला विचारलं, "बाई, माह्या पोरीची पाळी कवा येईन?"

कुणी हसलं नाही. मला मात्र तेव्हा कुठे उमगलं. वर्षानुवर्षं रेच्यांच्या घरघरीत उभी राहून ती जवळजवळ बहिरी झाली होती. वस्तीतल्या निम्म्या बायांचं तेच होतं. मुलं मोठ्यानं बोलत ती आयांना ऐकू यावं म्हणून, आणि एवढी साधी गोष्ट मला दिसली नव्हती.

मुलगी उठली. मला न विचारताच आईपुढे जाऊन बसली आणि खिडक्या हादरतील अशा आपल्या मूळच्या आवाजात कविता म्हणाली:

"माय येते जिनातून, केसात कापूस घेऊन,
मी म्हनलं, बुढी झाली! हासली मले पाहून.
झटकले तिनं केस, पांढरं सारं उडालं,
माय माही तरणी झाली, घरात चांदनं पडलं."

आई आधी हसली, मग रडायला लागली. तिनं पोरीचं तोंड दोन्ही हातांत धरलं. पदरानं डोळे पुसत माझ्याकडे वळून म्हणाली, "तीन हप्ते झाले, बाई. घरी नुसतं तोंड हालवून राह्यलती. मले वाटलं, पोरगी माह्यावर रुसली."

माफी तर मागायलाच हवी होती, पण ती हळू मागून भागणार नव्हतं. मी तिच्याजवळ खाली बसले, आणि त्या वाचनालयात, सगळ्या मुलांदेखत, जन्मात पहिल्यांदा ओरडले, "ती रुसली नव्हती! चूक माझी होती!"