शेजारणीच्या फ्रिजमध्ये

मुलीला बघायला करजणहून माणसं येणार होती. त्या सकाळी ह्यांनी आमच्या फ्रिजमधून माझं इन्सुलिन काढलं आणि शेजारच्या गुजराती बेनकडे ठेवून आले. मला डायबिटीस आहे हे पाहुण्यांना कळू द्यायचं नव्हतं. आईला आहे म्हणजे मुलीलाही होणार, असं लोक धरूनच चालतात. मी फ्रिजचं दार लावून घेतलं. चौथीनंतर शाळा सुटली, तेव्हापासून चारचौघांत बोलायचं मी टाळतेच.

टोलनाका ओलांडल्याचा फोन आला. आले की पानंच घ्यायची, म्हणून मी बेनच्या स्वयंपाकघरात जाऊन सुई घेतली. बेन म्हणाल्या, "हवे जमी लेजो, वार ना करता." उशीर करू नका, जेवून घ्या. मी मान हलवली. पण पाहुण्यांच्या आधी घरच्या बाईने तोंडात काही घालायचं नाही, असं सासूबाईंनी शिकवलं होतं. त्या वारल्या, तरी माझा हात डब्याकडे जात नाही.

माणसं आली. पानं घेऊ का विचारलं, तर मुलाचे वडील म्हणाले की मामा वाटेत अलकापुरीत अडकलेत, ते आले की सगळे बरोबरच बसू. पुरुष बाहेर बसले. मुलाची आई आणि आत्या आत आल्या आणि आमच्या छोट्या स्वयंपाकघरात पाट घेऊन बसल्या. मी तापलेल्या तेलाखालचा गॅस बंद केला.

आत्या बोलत होत्या. त्यांचे डोळे मात्र फळीवरच्या डब्यांवरून, माझ्या हातांवरून फिरत होते. माझ्या मानेवर घाम आला. सुई घेऊन खाल्लं नाही की साखर उतरते, पुढे काय होतं ते मला माहीत होतं. ओठ बधिर होतात, मग बोलणं लांबून ऐकू येतं, आणि मग मी पडते. साखरेचा डबा हाताशीच होता. मी झाकणाला हात लावला.

"चहा नको हं परत," आत्या म्हणाल्या. "जेवायला बोलावलंय ना आम्हाला?"

मी हात मागे घेतला. मुलगी ओट्यापाशी उभी होती. माझ्याकडे बघून ती बोलणार, तेवढ्यात मी डोळ्यांनीच नको म्हटलं. बाहेर हे रिफायनरीतल्या नोकरीबद्दल सांगत होते. त्यांचा आवाज बारीक होत चालला. वाटलं, आता मी इथेच पडणार आणि सगळ्यांना कळायचं ते कळणारच. मग पडून कशाला?

"मला डायबिटीस आहे," मी म्हणाले. "सुई घेतलीय. आत्ता खाल्लं नाही तर पडेन."

माझा आवाज एवढा मोठा निघेल असं वाटलं नव्हतं. बाहेरचं बोलणं थांबलं. मी जमिनीवर बसले आणि श्रीखंडाची वाटी ओढून बोटांनीच खाऊ लागले.

"बरं झालं मामा अडकले," आत्या म्हणाल्या. "नाहीतर आम्हाला कुठलं कळायला!"

मुलाच्या आईने पाण्याचा पेला माझ्याजवळ सरकवला.

मामा आले, सगळे जेवले, श्रीखंडाचं कौतुकही झालं. पुढच्या आठवड्यात मध्यस्थाचा नकाराचा फोन आला. हे म्हणाले, "जरा वेळ कळ काढता आली नाही तुला?"

मुलगी म्हणाली, "बाबा, उद्या मला सुई लागली तर मी कुणाच्या फ्रिजमध्ये ठेवायची?"

हे चपला घालून बाहेर गेले. नकाराचं दुःख मला झालं, अजूनही होतं. पण त्या दिवशी स्वयंपाकघरात ऐकलेला माझा आवाज मला परत परत आठवत होता. पडण्याच्या भीतीपेक्षा तो मोठा होता.

इन्सुलिन अजून बेनकडेच होतं. ह्यांनी आणलं नव्हतं, मीही मागितलं नव्हतं; सुईपुरती त्यांच्याकडे जाऊन येत होते. संध्याकाळी मी जाऊन ते घेऊन आले आणि फ्रिजमध्ये समोरच, दुधाशेजारी ठेवलं. रात्री बाहेरच्या खोलीत, ह्यांच्यासमोर बसून सुई घेतली. ह्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. मी माझं पान वाढून घेतलं आणि जेवायला बसले.