मतलबी आणि मास्तर

कवळ्या बनवण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. इमारतीत सगळे त्याला मतलबी म्हणत, कारण तसं त्यानंच जाहीर करून टाकलं होतं. "माणसानं आपलं सुख बघावं. ज्यात सुख तेच बरोबर, बाकी सगळी सोंगं," असं तो आ वासून बसलेल्या गिऱ्हाइकाला सांगायचा. गिऱ्हाइकाच्या तोंडात मापाचा साचा असल्यामुळे त्याला सहसा विरोध व्हायचा नाही.

विरोध व्हायचा तो वरच्या मजल्यावरच्या मास्तरांकडून. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी त्यांच्यातली शाळा सुटली नव्हती. "कर्तव्य सुखासाठी करायचं नसतं," ते त्याला जिन्यात अडवून सांगत.

"नाही केलं तर चुटपुट लागते, म्हणूनच करता ना? म्हणजे सुखच," तो म्हणे. दोघं उभे राहिले की येणाऱ्याजाणाऱ्यांना पिशव्या घेऊन खोळंबावं लागे.

एका सकाळी मास्तरांना अर्धांगाचा झटका आला. इस्पितळातून घरी आले ते उजवी बाजू लुळी आणि जबडा एका अंगाला ओढलेला. जुनी कवळी बसेना, शब्द फुटेना.

मतलब्यानं नवी कवळी केली. टोचली, म्हणून घासली. पुन्हा टोचली, पुन्हा घासली. मग रोज दुपारी दोनला तो वर जाऊन मास्तरांकडून शब्द म्हणवून घेऊ लागला. पाणी, पंखा, पायरी. एरवी त्या वेळी त्याला हाक मारायची कुणाची छाती नसे, इतकी त्याला दुपारची झोप प्यारी.

"झोपेचं काय, अहो?" बायकोनं विचारलं. "त्यात सुख नव्हतं वाटतं?"

"मास्तर बोलले नाहीत तर मी वाद कुणाशी घालू? इमारतीत धड भांडता येणारा तेवढा एकच माणूस आहे. यात फायदा माझाच."

बायको कसली ऐकतेय. दुसऱ्या दिवशी तिनं मास्तरांच्या मुलीशी परस्पर ठरवलं आणि जेवण होताच खाटेवर चादर अंथरली. "आज शब्दांचं त्यांची मुलगी बघेल. तुम्ही सुख घ्या."

तो आडवा झाला. या कुशीवरून त्या कुशीवर. वरून मुलीचा आवाज येत होता. ती फार घाई करते, असं त्याचं मत पडलं. वीस मिनिटांत तो चपला शोधू लागला.

"झोप येत नाही म्हणून चाललोय. म्हणजे माझंच खरं ठरलं."

"मी कुठं काय म्हटलं?" बायको म्हणाली.

पंधरवड्यानं मास्तरांच्या तोंडून पहिलं सबंध वाक्य आलं. आधी त्यांनी दोनदा आवंढा गिळला. "तू करतोस... ते... कर्तव्य."

तो चिडलाच. "मुळीच नाही. मला मजा वाटते म्हणून येतो मी."

"मजा... कसली? लाळ... पुसतोस."

तो रुमालाची घडी घालत राहिला. "आत्ता बोललात ना," शेवटी तो म्हणाला, "ती मजा." मुलगी खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

आता मास्तर कठडा धरून स्वतः जिना उतरतात. एका पायरीला एक मुद्दा, असा त्यांचा वेग. मतलबी दोन पायऱ्या खाली, हात पुढे धरून, मास्तरांकडे तोंड ठेवून उलटा उतरत असतो.

"पडलात तर माझ्याच डोक्यावर पडाल," तो म्हणतो. "मी माझं डोकं सांभाळतोय."

"मग... बाजूला हो की."

"आधी पाय कुठं पडतोय ते बघा."