उभ्या गाडीचं डिझेल

गडबच्या नाक्यावर सकाळची मिनीडोर, सहा सिटांची तीनचाकी, सात मिनिटं उभी राहायची आणि तेवढा वेळ तिचं इंजिन चालू असायचं. पेणला नोकरीवर जायला मी अकरा वर्षं तीच धरली. निघायला मला हमखास उशीर व्हायचा. गल्लीतून मी "थांब, आलो!" ओरडायचो, मी बसलो की गाडी सुटायची.

मिनीडोरवाल्याने विजेवरची तीनचाकी घ्यायचं मनात घेतलं, तेव्हा हिशेबासाठी तो माझ्याकडे आला. म्हणाला, "भाऊ, नीट बघून सांगा. चुकलं तर मला डोलवीच्या कारखान्यात कंत्राटावर जावं लागंल. या वयात मला शिफ्ट जमायची नाय."

मी दोन संध्याकाळी बसलो. एका बाजूला डिझेल, ऑइल, क्लच. दुसऱ्या बाजूला वीज, टायर आणि काही वर्षांनी बदलावी लागणारी बॅटरी, जी बरेच जण धरतच नाहीत. तरी फेरीमागे वीज स्वस्त पडत होती. उभ्या गाडीत जळणारं डिझेल मी 'वाया' या सदरात टाकलं होतं.

जुनी गाडी रोह्याच्या एकाने घेतली. नवी नाक्यावर आली.

पहिल्या दिवशी खाडीकडून धुकं आलं होतं. मी वेळेआधीच पोचून आत बसलो. बाहेर दोन बायका पाट्या घेऊन उभ्या होत्या, आमच्यापासून दहा हातांवर. त्या आमच्या दिशेने बघत होत्या, पण नजर आमच्यावर ठरत नव्हती. बाकी कोणी घराबाहेर पडलंच नाही. सातव्या मिनिटाला आम्ही निघालो. सहा सिटांत मी एकटा. आठवडाभर असंच चाललं.

पाटीवाल्यांपैकी एकीने शेवटी त्याला सुनावलं, "भुतासारखा येतोस नि जातोस. इंजिन ऐकल्याबिगर चुलीवरनं कोण उठंल?"

मी घरी येऊन कागद काढला. 'वाया' हे सदर खोडलं. ती गावाला मारलेली हाक होती, आणि ती मी हिशेबातून काढून टाकली होती.

रोह्याच्या गिऱ्हाइकाला इंजिन कसं आहे ते दाखवायला मिनीडोरवाल्याने नाक्यावरच मोबाईलवर व्हिडिओ काढला होता. त्याने टपाला स्पीकर बांधून तो लावला. विकलेली गाडी धुक्यात पुन्हा धडधडली. दारं उघडली. मग शेवटी त्या व्हिडिओतूनच माझा आवाज आला, "थांब, आलो!" आणि माणसं पळतच आली.

मी त्याला म्हटलं, माझा आवाज तेवढा काप. तो म्हणाला, "नको भाऊ. तुमची हाक आली की गाडी सुटते, हे लोकांना ठावं हाय. त्यावरच पळतात."

सिटा भरू लागल्या. परवा त्याने विचारलं, बिनचालकाच्या गाड्या आल्या तर भाडं किती उतरेल. मी खरं ते सांगितलं: बरंच, कारण सगळ्यात मोठा खर्च तूच. तो स्पीकर चालू ठेवून समोरच्या टपरीवर चहाला गेला.

चालकाची सीट रिकामी होती. मी मागे एकटा, वेळेवर येऊन बसलेला. बाहेर धुकं, आणि डोक्यावरून माझाच आवाज ओरडत होता, थांब, आलो. एक म्हातारी लगबगीने आली, माझ्याशेजारी बसली, आणि गल्लीकडे बघत म्हणाली, "जरा थांबा. तो यायचाय अजून."